आजींना ‘वारी का करता?’ विचारू नका, ‘कोणत्या साली चुकली?’ विचारा

एका नातवंडानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी माण तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, वय ऐंशीला टेकलेलं. आजोबा दिंडीत विणेकरी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आजींनी त्याच दिंडीचा स्वयंपाक तीसेक वर्षं सांभाळला, शिवाय गावात बाळंतपणं केली. आता सहस्रचंद्रदर्शन ठरलंय आणि त्या दिवशी त्यांच्या आयुष्याची छोटी पुस्तिका पाहुण्यांना वाटावी असं नातवंडांच्या मनात आहे. पण फोन समोर ठेवला की आजी म्हणतात, “माजं काय ल्ह्याचं? चारचौघींगत.” दोनदा बसून झालं, दोन्ही वेळा पाच मिनिटांत ‘पांडुरंगाची कृपा’ इथं येऊन गाडी थांबली. चुकतंय कुठं, आणि पुस्तिका केवढी असावी?

चुकतंय प्रश्नात. आणि ही चूक मीही केलेली आहे, तीही चांगली दोन-तीन वर्षं.

मी फलटणला माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. गेली बावीस वर्षं साध्या माणसांच्या आठवणी नोंदवून त्यांच्या घरच्यांसाठी पुस्तिका करून देते. बहुतेक माळकरी घरं, कारण आमच्या भागातून पालखी जाते आणि घरटी एक तरी वारकरी असतोच. सुरुवातीच्या काळात एका म्हातारीला मी विचारलं होतं, “तुमची विठ्ठलावर श्रद्धा कशी जडली?” तिनं पदर सारखा केला, ताठ बसली आणि वीस मिनिटं सुंदर बोलली. घरी येऊन टेप ऐकली तेव्हा लक्षात आलं की हे सगळं कीर्तनातलं आहे. ती खोटं बोलत नव्हती, ऐकून ऐकून तिनं ते आपलंसं केलं होतं. पण त्या वीस मिनिटांत ती स्वतः कुठंच नव्हती. दुसऱ्या कुठल्याही माळकरणीचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

चष्मा विसरला होता म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. ती ज्वारी निवडत बसली होती. चहा होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पडशीत काय काय न्यायचात हो?” सूप खाली ठेवलं तिनं. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, गुळाचा खडा, एक जादा लुगडं, घोंगडं. आणि एक लहान अंगडं. अंगडं कशाला? तर पहिल्या वारीला निघताना वर्षाचं पोर जावेजवळ ठेवलेलं; त्याचा वास असावा म्हणून अंगडं बरोबर घेतलं, पुढं सवयच झाली. त्या पोराला नातवंडं झाली तरी ते अंगडं पडशीतच होतं. त्या दिवशी टेप मी नेलीच नव्हती, डायरीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं.

तेव्हापासून मी श्रद्धेविषयी थेट काही विचारत नाही, कामं विचारते. काय उचललं, काय शिजवलं, कोणाचं धुतलं, कोणाला मागं ठेवून गेलात. भक्तीबद्दल बोलायचं म्हटलं की माणूस संतांची भाषा वापरतो, कारण तीच त्याला योग्य वाटते. कामाबद्दल मात्र तो स्वतःच्या भाषेत बोलतो.

वारकऱ्याच्या बाबतीत माझ्याकडचा सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: वारी कोणत्या साली चुकली? केलेल्या वाऱ्या एकीत एक मिसळून जातात. दिवे घाट, जेजुरी, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वाखरी, हे सगळ्यांचं सारखंच असतं. न घडलेली वारी मात्र साल आणि कारणासकट लक्षात राहते. थोरलीचं बाळंतपण अगदी आषाढातच आलं. नवऱ्याचं ऑपरेशन झालं. बैल मेला. दिराशी भांडण झालं आणि त्यानं पैसे दिले नाहीत. २०२० साली तर सगळ्यांचीच चुकली, पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, २०२१ लाही तसंच. आमच्या ओळखीतल्या एक आजी त्या दिवसांत रोज तिन्हीसांजेला अंगणात तुळशीभोवती चालायच्या, मुक्कामाचं गाव मनात धरून. सुनेला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. चुकलेल्या वाऱ्यांची यादी करा, घराचा इतिहास आपोआप हाती येईल. जन्म, मरणं, कर्ज, भांडणं, सगळं त्या यादीत येतं.

याला जोडून दुसरा प्रश्न: घरी कोण राहायचं? पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्यात निघते, आषाढी एकादशीला पंढरपूर. अठरा-वीस दिवस जातात आणि नेमके पेरणीचे. मृगाचा पाऊस झाला असेल तर वाफसा कोणासाठी थांबत नाही. मग पेरणीची कुरी कुणी धरली? जनावरांचं कुणी केलं? प्रत्येक वारकऱ्यामागं एक न गेलेलं माणूस असतं, बहुतेक वेळा सून किंवा धाकटा भाऊ. तुमच्या आजोबांच्या खांद्यावर वीणा होती त्या वर्षांत, आजी दिंडीत जायला लागायच्या आधी, घर आजींनीच ओढलं असणार. आणि आजी जायला लागल्यावर कुणी ओढलं? कदाचित तुमच्या आईनं. तिलाही अर्धा तास बसवा. पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं पान तिच्याकडून मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता दिंडीचा स्वयंपाक. इथं मात्र घाई करू नका, हा भाग सगळ्यात सकस आहे आणि तो लिहिलेला कुठंच नसतो. दिंडीचा विणेकरी, पखवाजी, चोपदार यांच्याबद्दल लोक लिहितात. स्वयंपाकाच्या बायका ट्रकबरोबर पुढच्या मुक्कामाला गेलेल्या असतात. दिंडी दमून येईपर्यंत पिठलं-भाकरी तयार लागते. म्हणून विचारा, “रिंगण किती वेळा डोळ्यांनी बघितलंत?” मी हा प्रश्न दिंडीच्या एका आचाऱ्याला विचारला होता. सत्तावीस वाऱ्या झालेला माणूस. म्हणाला, “दोनदा. एकदा ट्रक पंक्चर झाला म्हनून.” पंढरपुरात पोचल्यावरही दर्शनबारीत उभं राहायला सवड नाही, कळसाला हात जोडायचे आणि परत चुलीपाशी. सेवा म्हणजे काय, हे या उत्तरापेक्षा चांगलं मला कुणी सांगितलेलं नाही.

आणखी विचारायचं ते असं. पायलीच्या भाकरी किती व्हायच्या? (पायली गावोगाव वेगळी, किलोत बदलू नका, आजींचंच माप ठेवा.) माणसं किती असायची? पावसात चूल कशी पेटवायची, ओल्या लाकडावर रॉकेल की तुराट्या? गॅस कोणत्या साली आला? बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला? दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, किती होती आणि ज्याच्याकडं पैसे नसत तो काय करी? पंगतीत कोण कुठं बसायचं?

हा शेवटचा प्रश्न टाळू नका. घरच्यांना तो अडचणीचा वाटतो. पंढरपूरचं देऊळ सगळ्या जातींना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, तेव्हा तुमच्या आजी जेमतेम दोन-तीन वर्षांच्या. म्हणजे त्यांचं पुढचं सगळं आयुष्य ‘विठ्ठलाच्या दारी सगळे सारखे’ हे वाक्य आणि गावचा पाणवठा, या दोन्हींच्या मध्ये गेलेलं आहे. बाळंतपणाला त्या कुणाच्या घरी जायच्या, कुणाच्या जायच्या नाहीत, आणि जायला लागल्या ते कधी? एका सुईणबाईंनी मला सांगितलं होतं की पहिल्यांदा दलित वस्तीवर गेल्या तेव्हा घरी येऊन अंघोळ केली. तिसऱ्या खेपेला केली नाही. सासूनं विचारलं तर “केली” म्हणून सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं. मुलानं काढायला सांगितलं, आईनं काढू दिलं नाही.

बाळंतपणांबद्दल एक कडक सूचना. नाळ कशानं कापायची, वार कुठं पुरायची, मोबदल्यात लुगडं-चोळी मिळायची की धान्य, अडलेल्या बाईला तालुक्याला कशात घालून न्यायचं, हे सगळं घ्या. पण गावातल्या दुसऱ्या घरातली गुपितं घेऊ नका. सुईणीला सगळं माहीत असतं, ती बोलण्याच्या ओघात सांगूनही जाते. ते तुमच्या आजींचं नाही, त्या बाईचं आहे. रेकॉर्डिंगमध्ये आलं तर तेवढा भाग पुसा.

सालं. आजींना सालं आठवणार नाहीत, आणि ‘कधी?’ म्हणून खोदत बसलात तर त्या ओशाळतील. सन विचारायचा नाही, खूण विचारायची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. तुमच्या भागात ती पहाट कुणी विसरलेलं नाही. तेव्हा कडेवर कोण होतं? १९७२ चा दुष्काळ: खडी फोडायला कुठं जायचात, सुकडी मिळायची का, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी कुणाच्या घशाखाली उतरायची नाही? लग्नात आहेर आण्यांत झाला की नव्या पैशांत? नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, पण चार आणे-आठ आणे हे शब्द त्यानंतरही वर्षानुवर्षं चालले, तेव्हा ही खूण जरा जपून वापरा. इंदिराबाईंची आणीबाणी, घरात आलेला पहिला विजेचा दिवा, किल्लारीचा भूकंप. कडेवरच्या मुलाच्या वयावरून साल काढता येतं.

जाता जाता, आजींची जन्मतारीख आधारकार्डावर १ जून किंवा १ जानेवारी असेल तर ती कुणीतरी अंदाजे लावलेली आहे असं समजा. शाळेत घालताना गुरुजी १ जून लावत, म्हणून आमच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मल्यासारखा दिसतो. सहस्रचंद्रदर्शन ८० वर्षं ८ महिन्यांच्या आसपास करतात. तुमचा हिशेब वर्षभर इकडंतिकडं असू शकतो. चंद्राची काही हरकत नसावी.

बोलण्याखेरीज घरात कागद असतात, आणि कागद नसलेल्या घरात भांडी असतात. फडताळातली, माळ्यावरची सगळी पितळेची-स्टीलची भांडी खाली काढा आणि त्यांवर कोरलेली नावं वाचा. लग्नातला आहेर, वास्तुशांत, कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं पातेलं. देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा तारीखही असते. एका घरात जावेच्या माहेरचं नाव कुणालाच आठवत नव्हतं, ते परातीवर निघालं. दुसरं, गावच्या सप्ताहाच्या जुन्या पत्रिका. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, त्यासाठी पहारेकऱ्यांची नावं तासातासानं लावलेली असतात, आणि कोणत्या दिवशी कुणाची पंगत तेही छापलेलं असतं. तुमच्या आजोबांचं नाव पहाऱ्यात पहिल्यांदा कोणत्या वर्षी आलं ते त्यावरून कळेल. देवळातल्या पेटीत किंवा एखाद्या टाळकऱ्याच्या ट्रंकेत दहा-वीस तरी मिळतात. आजोबा गेल्याचं साल वारसनोंदीच्या फेरफारात सापडेल. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांमध्ये, विशेषतः नाशिक-त्र्यंबकला, घराण्यातलं कुणी अस्थी घेऊन गेलं असेल तर मागच्या पिढ्यांची नावं निघतात. पिढ्यांची नावं सांगत फिरणारा हेळवी तुमच्या गावात येत असेल तर त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका, वंशावळ त्याच्या तोंडात असते.

बसायचं कसं, हे थोडक्यात. सकाळ नको, दुपारचं जेवण झाल्यावर. हाताला काम असू द्या: वाती वळणं, शेंगा फोडणं, वाकळ शिवणं. हात चालू असले की तोंड मोकळं होतं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि उपडा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते सांगा. चाळीस-पन्नास मिनिटं पुरे. त्याच रात्री रेकॉर्डिंगची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाकडं तरी पाठवा. पाण्यात पडलेल्या एका फोनबरोबर माझी तीन माणसं गेली, त्यातला एक पुन्हा सांगायला उरला नव्हता.

प्रश्नांना उत्तरं येत नसतील तर ओवी म्हणायला सांगा. जात्यावर बसलेल्या पिढीतल्या तुमच्या आजी शेवटच्यांपैकी असतील. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या नुसत्या चाळल्या तरी कळतं की सासर, माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार आणि विठ्ठल, सगळं बायकांनी जात्याला आधीच सांगून ठेवलं होतं. ‘मला सासरी त्रास झाला’ असं आजी बोलणार नाहीत. ओवी मात्र म्हणतील, आणि म्हणून झाल्यावर जरा गप्प बसतील. तेव्हा लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मीसुद्धा हे फार उशिरा शिकले.

साक्षात्काराच्या गोष्टी निघतील. घाटात तहानलेल्या बाईला कुणीतरी पाणी दिलं, वळून बघितलं तर माणूस नाही. अशी गोष्ट जवळजवळ प्रत्येक वारकऱ्याकडं असते. तिला खरं-खोटं करायचं नाही, ‘विलक्षण अनुभव’ वगैरे शब्द चिकटवायचे नाहीत. त्यांच्या वाक्यांत लिहा आणि एकच विचारा: मग तुम्ही काय केलंत? एकीनं मला उत्तर दिलं, “पानी अर्दं पिले, अर्दं मागच्या बाईला दिलं.” मी गोष्ट तिथंच संपवली.

दोन माणसं एकच घटना वेगवेगळी सांगतील. आजी म्हणतील वाटण्या दिराच्या हट्टानं झाल्या, चुलत आजी म्हणतील तुमच्या आजोबांच्या. निकाल देऊ नका, दोन्ही लिहा, कोण सांगतंय त्या नावानिशी. ही काही आजची युक्ती नव्हे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्या परंपरेत एकाच लीळेचे वेगळे पाठ सांगणाऱ्याच्या नावासकट जपलेले आहेत. मराठी गद्य सुरूच झालं ते असं लोकांना विचारत फिरण्यातून. आपण काही नवीन करत नाही आहोत.

भाषा. तुमचं निवेदन तुमच्या मराठीत, आजींची वाक्यं आजींच्या. ‘म्या’, ‘व्हतं’, ‘लई’ हे सुधारू नका. एका घरच्या सुशिक्षित मुलानं “पोरं उपाशी निजायची, म्या वाटंकडं बघत बसायची” याचं “अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत कुटुंबाचा सांभाळ केला” असं करून आणलं. आईला वाचून दाखवलं तर तिनं विचारलं, “ही कोन बाई?”

वाचून दाखवणं मात्र चुकवायचं नाही. छापण्याआधी सगळं मोठ्यानं, एका बैठकीत नाही जमलं तर तीन बैठकांत. आजी जे काढ म्हणतील ते काढायचं, वाद नाही. घरचे जे काढ म्हणतील त्यावर मात्र आजींना विचारायचं. मला आठवतात त्या एक कऱ्हाडकडच्या आजी. त्यांनी उपासतापासांची सगळी यादी काढून टाकायला लावली, “ते द्येवाला म्हाईत हाय.” सासू मारायची तो भाग नातवानं खोडला होता, तो परत घालायला लावला. म्हणाल्या, “मारलं ते खरंच. आन् शेवटाला तिचं हागनं-मुतनं म्याच काडलं, त्येबी लिव्ह. एक लिवलं तर दुसरं लिवायचं.” त्यांचा मान राखायचा म्हणून आपण त्यांची संतीण करून ठेवतो आणि त्यांनी केलेलं निम्मं काम पुसून टाकतो.

आकार विचारलात. बत्तीस पानं पुष्कळ झाली, अक्षर मोठं, नाहीतर पाहुण्यांतली म्हातारी माणसं वाचणार नाहीत. फोटो चार-पाच, प्रत्येकाखाली नावं, अगदी कडेला अर्धवट आलेल्या माणसाचंसुद्धा. शुभेच्छासंदेश नकोत, पुढाऱ्याचा फोटो आला की आजींचा लहान होतो. शेवटी दोन कोरी पानं ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी कुणीतरी म्हणेलच, “अगं, ते तसं नव्हतं,” आणि त्याला लिहायला जागा हवी.

आज दुपारी फोन बाजूला ठेवून माळ्यावर चढा आणि पातेली खाली काढा. आजींना एकेक हातात द्या आणि एवढंच विचारा, हे कुणी दिलं.